तिसऱ्या सर्व्हरची रेघ कुठे गेली?

पावसाळ्यातली सकाळ. सव्वासहाला फोन वाजला. पलीकडे एका गावच्या दूध संस्थेचे सचिव. "मॅडम, काटा चाललाय, फॅट दाखवतंय, पन पावती निघंना झालीया. बाया रांगेत हुब्या हाइत." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत दुसऱ्या गावाचा फोन, मग तिसऱ्या. दहा मिनिटांत कळलं की एकाही गावात पावती निघत नाहीये.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाचा डेटाबेस सांभाळते. नऊशेच्या आसपास संस्था, सकाळ-संध्याकाळ संकलन. शेतकऱ्याचं दूध काट्यावर चढतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजला जातो, दर आमच्या सर्व्हरकडून येतो आणि पावती छापली जाते. दर दहा दिवसांचं बिल याच नोंदींवरून निघतं. म्हणून पावती अडली की नुसतं कामच नाही, माणसाचा विश्वासही अडतो. पावतीवरचा आकडा त्या बाईच्या घरात आठवडाभर बोलला जातो.

हा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीवर चालतो, आणि तिचे तीन सर्व्हर आहेत. मुख्य आणि पहिली प्रत संघाच्या कार्यालयात. दुसरी प्रत, म्हणजे तिसरा सर्व्हर, साठ किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रात. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यावर सगळी खाती एकाच इमारतीत ठेवायची नाहीत, हे संचालकांनाही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या सकाळी मुख्य सर्व्हरच्या लॉगमध्ये शेवटची ओळ होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही. पोस्टग्रेसने स्वतःला बंद करून घेतलं होतं. डिस्क भरली होती ती वॉल फायलींनी, १६ एमबीच्या पाच हजारांवर फायली. वॉल म्हणजे काय ते हिशेबाच्या भाषेत सांगते. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा, हे जसं दुकानात चालतं तसंच पोस्टग्रेसमध्ये चालतं. वॉल ही रोजकीर्द. प्रती तीच वाचून स्वतःची खतावणी पुरी करतात. आणि 'रेप्लिकेशन स्लॉट' म्हणजे मुख्य सर्व्हरने प्रतीला दिलेला शब्द: तू वाचेपर्यंत मी ही पानं फाडणार नाही.

मुख्य सर्व्हरने शब्द पाळला होता. शीतकरण केंद्रातला राउटर वीज पडून जळाला होता, नवा बसवताना पोस्टग्रेसचा पोर्ट (नेटवर्कवरचं त्याचं दार) उघडायचा राहिला, आणि तिसरा सर्व्हर ११ दिवस एक पानही वाचू शकला नव्हता. आमची तेव्हाची देखरेख म्हणजे दर पाच मिनिटांनी पिंग, म्हणजे यंत्र जागं आहे का एवढीच विचारणा. पिंगला तो अकरा दिवस व्यवस्थित उत्तर देत होता.

वॉलच्या फायली हाताने पुसायचा मोह अशा वेळी होतो. पुसू नका. रोजकीर्दीची पानं फाडली तर खतावणी कधीच जुळत नाही. आम्ही डिस्कचा व्हॉल्यूम थोडा वाढवला, पोस्टग्रेस सुरू केलं, त्याला सावरू दिलं, तिसऱ्याचा स्लॉट काढून टाकला आणि चेकपॉइंट दिला, म्हणजे रोजकीर्दीतलं सगळं खतावणीत चढवायला लावलं. फायली आपोआप गेल्या. पण तोवर पावणेआठ झाले होते, बहुतेक गावांत संकलन उरकलं होतं आणि सगळं वहीत लिहिलं गेलं होतं. त्या दुपारी नऊशे वह्यांतले आकडे चढवताना ऑपरेटर मुलींचे हात मी पाहिले आणि त्याच संध्याकाळी ठरवलं की क्लस्टरसाठी, म्हणजे या तिन्ही सर्व्हरसाठी मिळून, नीट डॅशबोर्ड (सगळी मापं एका पडद्यावर दाखवणारा फलक) उभा करायचा.

साधनं निवडायला वेळ लागला नाही. माप गोळा करायला प्रोमेथियस, दाखवायला ग्राफाना. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही जुनी होऊन रुळलेली. प्रोमेथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं, ग्राफाना २०१४ पासून आहे. पण मला प्रोमेथियस पटलं ते वेगळ्याच कारणासाठी. त्यात सर्व्हर आपली खबर पाठवत नाहीत, प्रोमेथियस स्वतः ठरल्या वेळी दारात जाऊन विचारतं. कोणी उत्तर दिलं नाही तर त्याच्या नावापुढे शून्य मांडतं. म्हणजे गैरहजेरीचीही नोंद होते. अकरा दिवसांच्या त्या शांततेनंतर मला नेमकं हेच हवं होतं.

मांडणी साधीच. तिन्ही सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर (एक्सपोर्टर म्हणजे मापं काढून प्रोमेथियसपुढे ठेवणारा छोटा प्रोग्राम), पोर्ट ९१००, तो डिस्क, मेमरी, प्रोसेसर सांगतो. शिवाय पोस्टग्रेस एक्सपोर्टर, पोर्ट ९१८७, तो डेटाबेसच्या आतलं सांगतो. एक्सपोर्टरला डेटाबेसमध्ये सुपरयूझर, म्हणजे सगळे अधिकार, देऊ नका. पोस्टग्रेस १० पासून देखरेखीसाठी 'पीजी मॉनिटर' नावाची तयार भूमिका आहे, ती पुरते. प्रोमेथियस आणि ग्राफाना मी या तिघांपैकी कोणावरही ठेवलं नाही, वेगळं यंत्र घेतलं. ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच खोलीत पहारेकरी झोपवला तर आगीत दोघेही जातात. दर १५ सेकंदांनी मापं. साठवण प्रोमेथियसमध्ये मुळात १५ दिवसांचीच असते, ती मी ४०० दिवस केली. दुधाचं वर्ष पुष्टकाळ आणि कृशकाळ असं चालतं. थंडीत दूध वाढतं, उन्हाळ्यात आटतं. मागच्या वर्षीच्या याच आठवड्याशी तुलना करता आली नाही तर आलेखाचा चढउतार मला काहीच सांगत नाही.

ग्राफानाच्या संकेतस्थळावर तयार डॅशबोर्ड मिळतात, क्रमांक टाकला की उतरतात. नोड एक्सपोर्टरचा १८६०, पोस्टग्रेसचा ९६२८. मी दोन्ही उतरवले आणि कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर लावले. रंगीत, हलता, भरगच्च पडदा. येणारा-जाणारा थांबून बघायचा. आठवड्यानंतर मी स्वतःलाच विचारलं: राउटरची ती चूक आज झाली असती, तर हा पडदा बघून मला कळलं असतं का? नसतं कळलं. शिकण्यासाठी तयार डॅशबोर्ड उत्तम आहेत, त्यातल्या क्वेरी (माहिती मागणारे प्रश्न) उघडून वाचा, मी पुष्कळ शिकले. पण ते कोणत्याही घरासाठी बनवलेले असतात, तुमच्या घरासाठी नाहीत.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पण या वेळी उलट्या टोकाने. एक्सपोर्टर काय काय देतो हे न बघता, फोनवर लोक मला काय विचारतात ते वहीत लिहून काढलं. पावत्या निघतायत का? कुठला सर्व्हर मुख्य आहे? प्रती किती मागे आहेत? डिस्क किती दिवस पुरेल? कोण कोणाला अडवून बसलंय? पाच प्रश्न, पाच ओळी. पॅनेलची (पडद्यावरच्या चौकटींची) नावंही मी हेच प्रश्न ठेवले, मराठीत. ग्राफानाला देवनागरीची काही अडचण नाही. रात्रपाळीच्या एका ऑपरेटर दादांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही, हे त्यांनी संकोचत सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक पॅनेलवर रंगाबरोबर 'ठीक' किंवा 'बघा' हा शब्दही येतो.

सगळ्यात वर आहे मिनिटाला निघणाऱ्या पावत्या. हे पोस्टग्रेसचं माप नाही, आमच्या धंद्याचं आहे. स्वतःची क्वेरी चालवणारा एक छोटा एक्सपोर्टर त्यासाठी लावला. सुरुवातीला ती क्वेरी दर १५ सेकंदांनी नोंदींच्या अख्ख्या तक्त्यावर मोजणी करायची, आणि दोन दिवसांत तीच सर्वांत वेळखाऊ क्वेरींच्या यादीत वर आली. मग फक्त शेवटच्या पाच मिनिटांच्या नोंदी, त्याही इंडेक्सवरून (डेटाबेसच्या सूचीवरून), मिनिटाला एकदाच. या आलेखात रोज दोन उंचवटे दिसतात, एक सकाळी सहा ते आठ, दुसरा संध्याकाळी. मधे दुपारचं सपाट माळरान. बेंदराच्या दिवशी उंचवटा थोडा उशिरा चढतो, जनावरं सजवण्यात घर गुंतलेलं असतं. मला हा आलेख फार आवडतो. तो सर्व्हरचा आहे असं वाटतच नाही.

आता त्या पॅनेलविषयी जरा सविस्तर लिहिते, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला: प्रती किती मागे आहेत.

पहिली पद्धत सगळेच वापरतात तीच मी वापरली. प्रतीला विचारायचं, तू शेवटचा व्यवहार किती वाजताचा चढवलास, आणि आत्ताच्या वेळेतून तो वजा करायचा. सकाळी छान चाललं. दुपारी दोनला फोनवर इशारा: प्रत दीड तास मागे! धावत जाऊन बघितलं तर सगळं सुरळीत. दुपारी संकलन नसतं, मुख्य सर्व्हरवर नवा व्यवहारच होत नाही, त्यामुळे शेवटचा व्यवहार जुना होत जातो आणि वजाबाकी वाढत जाते. प्रत मागे नव्हती, गावं जेवून आडवी झाली होती.

मग सुधारणा केली. प्रतीला मिळालेली रोजकीर्द आणि तिने चढवलेली रोजकीर्द एकाच ठिकाणी असेल तर मागे पडणं शून्य धरायचं. दुपारचे खोटे इशारे थांबले. मी समाधानात होते. मग एका रविवारी, मुद्दाम, शीतकरण केंद्राचा पोर्ट आपणच बंद करून पाहिला. पॅनेल म्हणालं: शून्य सेकंद मागे. ठीक. माझ्या अंगावर काटा आला. कारण उघड आहे. दारच बंद झालेल्या प्रतीला नवीन काही मिळतच नाही, जेवढं मिळालं तेवढं तिने केव्हाच चढवलेलं असतं. तिला विचाराल तर ती खरंच सांगते, माझं काही बाकी नाही. ती सकाळ जशीच्या तशी परत आली असती आणि पडद्यावर 'ठीक' लिहिलेलं असतं.

तेव्हा प्रश्न प्रतीला विचारायचा नाही, मुख्य सर्व्हरला विचारायचा. त्याच्याकडे जोडलेल्या प्रतींचा एक तक्ता असतो, पीजी-स्टॅट-रेप्लिकेशन. त्यात प्रत्येक प्रत कुठपर्यंत पोचली ते असतं, मुख्यच्या आजच्या जागेतून ते वजा केलं की किती बाइट मागे ते कळतं. पण इथेही एक खाच आहे, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत तुटली की तिची ओळच त्या तक्त्यातून नाहीशी होते. आलेखात तिची रेघ वर जात नाही, लाल होत नाही. ती संपते. दोन रेघांच्या जागी एक उरते, आणि घाईत बघणाऱ्या डोळ्याला एक रेघ पुरेशी वाटते. 'मागे पडणं अमुकच्या वर गेलं तर कळव' हा नियम अशा वेळी मुका राहतो, कारण मोजायला आकडाच नसतो.

म्हणून मी तीन गोष्टी लावल्या. जोडलेल्या प्रतींची संख्या मोजायची, दोनपेक्षा कमी झाली की पाच मिनिटांत इशारा. प्रत्येक स्लॉट जागा आहे की झोपलेला, आणि त्याच्यासाठी किती रोजकीर्द अडकून पडली आहे, हे वेगळं पॅनेल. आणि एक छोटा तक्ता, नाव 'नाडी', ज्यात मुख्य सर्व्हर दर दहा सेकंदांनी घड्याळाची वेळ लिहितो आणि प्रतींवरून ती वाचली जाते. दुपारीही नाडी चालते, त्यामुळे आता वेळेतलं मागे पडणं खरं दिसतं. हे बसवल्यावर पुन्हा पोर्ट बंद करून पाहिला. या वेळी फोन वाजला.

याच बरोबर एक निर्णयही घेतला. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटसाठी किती वॉल राखायची याला मर्यादा घालता येते. मुळात ती अमर्याद असते. आम्ही ४० जीबी घातली. तिच्यापलीकडे गेलं की मुख्य सर्व्हर दिलेला शब्द मोडतो आणि ती प्रत पुन्हा नव्याने उभी करावी लागते. साठ किलोमीटरवर सगळा डेटा परत पाठवायला रात्र जाते, हे खरं. पण एक प्रत पुन्हा बनवणं आणि नऊशे गावांची पावती थांबणं, यात मला विचार करावा लागला नाही.

तीन सर्व्हरना एक समजण्याची चूक डॅशबोर्डमध्ये अनेक जागी लपलेली असते. डिस्कच्या पॅनेलवर मी आधी तिघांची सरासरी दाखवली होती. ३४ टक्के, ३६ टक्के आणि ९७ टक्के यांची सरासरी ५६ येते, आणि ५६ हा फार शांत दिसणारा आकडा आहे. आता सर्वांत भरलेली डिस्क मोठ्या अक्षरात, बाकीच्या खाली. तसंच 'मुख्य' हे लेबल मी प्रोमेथियसच्या मांडणीत एका सर्व्हरच्या नावापुढे कायमचं लिहून ठेवलं होतं. दुरुस्तीसाठी भूमिकांची अदलाबदल केली त्या रात्री पडदा चुकीच्या सर्व्हरला मुख्य म्हणत राहिला. आता प्रत्येक सर्व्हरलाच विचारते, तू प्रत आहेस का. आणि 'नाही' म्हणणारा बरोबर एकच असला पाहिजे. शून्य असले तरी इशारा, दोन असले तर त्याहून मोठा.

डिस्क किती दिवस पुरेल हे प्रोमेथियस कल बघून पुढे सांगू शकतं. पण तासाभराच्या कलावर ते सोडलं तर सकाळी सातला ते सांगतं की उद्या डिस्क भरणार, आणि दुपारी म्हणतं कधीच नाही भरणार. आमचा दिवस दोन उंचवट्यांचा आहे, म्हणून कल पुऱ्या २४ तासांचा घेतला.

वेळेची एक गोष्ट. आमचे सर्व्हरचे लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ग्राफाना ब्राउझरच्या वेळेत. आलेखात सकाळी ६:१० ला खड्डा दिसला तर लॉगमध्ये ००:४० बघायचं असतं. मी एकदा तासभर चुकीच्या पानावर शोधत होते. आता लॉगही भारतीय वेळेत लिहिले जातात, आणि डॅशबोर्डचा वेळविभागही पक्का करून टाकलाय.

बाकी पॅनेल थोडक्यात. कोण कोणाला अडवतंय याचा तक्ता, व्यवहार उघडून तसंच बसून राहिलेली कनेक्शनं (बिलाच्या दिवशी हमखास एखादं असतं), आणि व्यवहार क्रमांकाचं वय (जुन्या नोंदींच्या शेवटच्या सफाईनंतर किती व्यवहार झाले), जे २० कोटींच्या पुढे गेलं की पोस्टग्रेस स्वतःहून सफाईला लागतं. हे शेवटचं वर्षातून एखाद्या वेळीच बघायची पाळी येते. सगळे डॅशबोर्ड फायलींच्या रूपात गिटमध्ये (फायलींचे जुने-नवे बदल जपणाऱ्या साधनात) आहेत. पडद्यावर कोणी हौसेने काही हलवलं तरी मूळ सुरक्षित. इशाऱ्याच्या संदेशात नुसतं 'स्लॉट झोपलाय' असं येत नाही, 'शीतकरण केंद्रात फोन करा, राउटरचा पोर्ट तपासायला सांगा' असं पहिलं पाऊल मराठीत येतं. पहाटे जो उठेल त्याला विचार करायला लागू नये.

गेल्या महिन्यात दुपारी पावणेतीनला तो संदेश खरोखर आला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. केंद्रातल्या दादांनी पर्यायी जोडणी लावून दिली, तोवर अडकलेली रोजकीर्द एक जीबीही झाली नव्हती. संध्याकाळचा उंचवटा वेळेवर चढला. गावात कोणाला काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी संकलन विभागाचे पर्यवेक्षक पडद्यासमोर येऊन बसले. या माणसाने तीस वर्षं दुधाच्या गाडीबरोबर मार्गावर काढली आहेत. कोणत्या गावचे किती कॅन, हे त्यांना तोंडपाठ. दोन रेघांचं पॅनेल मी त्यांना समजावून सांगितलं, एक तुटली तर ती दिसेनाशी होते वगैरे. ते म्हणाले, "ताई, आम्ही पण असंच करायचो. आलेले कॅन कोण मोजतंय? न आलेला कुठल्या गावचा, ते आधी बघायचं." मग जरा थांबून म्हणाले, "साडेसात वाजले तरी ज्या संस्थेची एकपण पावती नाही, ती इथं दिसंल काय?"

ते पॅनेल मी दोन दिवसांत बनवलं. रोज सकाळी पावती काढणाऱ्या संस्थांची यादी एका बाजूला, आजच्या दुसऱ्या बाजूला, आणि पडद्यावर फक्त न आलेल्या. पहिल्याच सकाळी त्यात तीन गावं होती. दोन ठिकाणी वीज गेली होती. तिसऱ्या गावच्या सचिवांना पर्यवेक्षकांनी स्वतः फोन लावला. ते आजारी होते, संस्थेची किल्ली त्यांच्याकडेच होती, आणि दाराशी दूध घेऊन माणसं उभी होती.